युरोप एक आहे का? कुठल्या कलमाखाली विचारताय त्यावर आहे

प्रश्न थोडक्यात असा होता की युरोपियन युनियनमधे निर्वासित आणि अल्पसंख्याकांवरून सतत भांडणं, परराष्ट्र धोरणात हंगेरीसारखा एक देश सगळ्यांना अडवून धरू शकतो, आणि तरीही युरो चालतो, अॅपलसारखी कंपनी यांच्यापुढे नमतं घेते, मग हे लोक नक्की एक आहेत का नाहीत. माझं काम निर्यातीचं, म्हणजे आपल्याकडचा माल युरोपात पाठवताना तिथले नियम, कागद, तपासण्या हे निस्तरायचं, त्यात बरीच वर्षं गेली आणि त्यातली काही ब्रसेल्सला राहून. त्यामुळे पुस्तकी थिअरी सांगत बसत नाही, काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते सांगतो.

मुळात "युरोप एक आहे का" असं मोघम विचारून हाती काही लागत नाही. तिथे प्रत्येक विषयाला करारात एक कलम आहे आणि निर्णय एकट्या ब्रसेल्सचा (म्हणजे युनियनच्या केंद्रीय संस्थांचा), का बहुमताचा, का सत्तावीसच्या सत्तावीस जणांनी हो म्हटल्याशिवाय पान हलणार नाही असा, हे त्या कलमात ठरलेलं असतं. व्यापार, कंपन्यांमधली स्पर्धा, युरोचे व्याजदर हे पहिल्या खात्यात. बाजाराचे बहुतेक नियम दुसऱ्या खात्यात, म्हणजे किमान १५ देश आणि त्यांची मिळून युनियनची ६५ टक्के लोकसंख्या असली की काम झालं. परराष्ट्र धोरण, कर, सात वर्षांच्या बजेटचा आराखडा, नवीन देश आत घेणं हे तिसऱ्यात, तिथे एकाने मान हलवली नाही की सगळं ठप्प. आणि बाहेरून आलेल्यांना समाजात सामावून घेणं हे तर तिन्हीत नाही, ते ज्याच्या त्याच्या घरचं. नेते तेच, बिल्डिंगही तीच, पण सकाळी व्यापारावर एका आवाजात बोलणारे लोक दुपारी रशियाच्या विषयावर एकमेकांची तोंडं बघत बसतात ते यामुळे.

या सामावून घेण्यावर, म्हणजे इंटिग्रेशनवर, जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. लिस्बन कराराने (२००९ पासून लागू) युनियनची जी मूल्यं दुसऱ्या कलमात लिहिली त्यात अल्पसंख्याकांचे हक्क स्पष्ट आहेत. वाचायला छान वाटतं. पण दुसऱ्या बाजूला कलम ७९ चं चौथं पोटकलम बघा, बाहेरच्या देशांतून आलेल्यांच्या इंटिग्रेशनसाठी युनियन मदत करू शकते, पैसे देऊ शकते, पण देशांचे कायदे एकसारखे करायला लावू शकत नाही असं त्यात साफ म्हटलंय. म्हणजे मूल्य सगळ्यांचं, अंमलबजावणी ज्याची त्याची मर्जी.

याचा परिणाम आपल्याच लोकांत बघायला मिळतो. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस, त्याची मुलं, नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात, आणि ते घेतलं की मडगावचा मुलगा उद्या जर्मनीत जाऊन राहू शकतो, काम करू शकतो, तिथल्या महापालिकेच्या निवडणुकीत मत टाकू शकतो, जर्मन येतं का हे कोणी विचारणार नाही. त्याच शहरात पुण्याहून गेलेला आयटीवाला मात्र "तिसऱ्या देशाचा नागरिक", त्याचा व्हिसा, पर्मनंट रेसिडेन्सीसाठी भाषेची लेव्हल, सगळं वेगळं. आणि १९६१ च्या ऑक्टोबरमधे तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार झाल्यावर जे लोक कारखान्यात आले आणि जन्मभर तिथेच राहिले, त्यातल्या ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं नाही त्यांना आजही नगरसेवकाला मत देता येत नाही. हेच स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स, आयर्लंडमधे काही काळ राहिलेल्या परदेशी माणसाला स्थानिक निवडणुकीत देता येतं. मग याला कसलं समान धोरण म्हणायचं. जर्मनीने तर इंटिग्रेशन कोर्सची कायदेशीर सिस्टीम आणली तीच मुळात २००५ ला, आणि दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य केलं २०२४ मधे. तोवर आलेल्या लोकांची तिसरी पिढी शाळेत गेली होती.

फ्रान्सचं अजून वेगळं. फ्रान्स म्हणतो आमच्याकडे अल्पसंख्याक नावाची गोष्टच नाही, सगळे नागरिक एक, त्यामुळे वंश-धर्म विचारून सरकारी जनगणना होत नाही, २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत ठळक धार्मिक चिन्हं बंद, २०१० ला चेहरा झाकण्यावर बंदी. युरोप कौन्सिलने (ही युनियनपेक्षा वेगळी संस्था आहे, लोक कायम गोंधळ करतात) १९९५ ला राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार आणला त्यावर फ्रान्सने सहीसुद्धा केली नाही. बेल्जियम आणि ग्रीसने सही केली पण मंजुरी दिली नाही.

बेल्जियमची गंमत तर जवळून बघण्यासारखी आहे कारण युनियनची राजधानीच तिथे. ब्रसेल्स शहरात रस्त्याच्या पाट्या फ्रेंच आणि डच दोन्हीत. पण शहराची हद्द ओलांडून फ्लेमिश भागात शिरलात की सगळं डच. शहराला लागून सहा गावं अशी आहेत की तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांना सरकारी कागद फ्रेंचमधून मिळायची सवलत आहे, मात्र १९९७ च्या एका परिपत्रकानुसार ती दरवेळी नव्याने मागायची, एकदा सांगितलं म्हणजे कायमची नोंद होत नाही. टॅक्सचा कागद आला, मागा. पुढच्या वर्षी परत आला, परत मागा. यावरून तिथे कोर्टकचेऱ्या झाल्या, बऱ्याच वर्षांपूर्वी एक सरकारही ब्रसेल्सच्या आसपासच्या मतदारसंघाच्या वादात पडलं. आणि याच शहरात बसून इतर देशांना अल्पसंख्याकांशी कसं वागावं याचे रिपोर्ट लिहिले जातात.

आता इथेच खरी गोम आहे. १९९३ ला युनियनच्या कोपनहेगनच्या शिखर परिषदेत ठरलं की ज्यांना आत यायचंय त्यांनी लोकशाही, बाजार यासोबत अल्पसंख्याकांचा आदर आणि संरक्षण दाखवलं पाहिजे. मग लॅटव्हिया, एस्टोनियाच्या मागे लागले, कारण सोव्हिएत काळात आलेले रशियन भाषिक तिथे स्वातंत्र्यानंतर ना इकडचे ना तिकडचे झाले होते, लॅटव्हियात १९९० च्या दशकात असे "बिगर-नागरिक" सात लाखांच्या घरात होते. नियम थोडे सैल करून घेतले, २००४ ला आत घेतलं, आणि आत घेतल्यावर ब्रसेल्सच्या हातातली काठीच गेली. लॅटव्हियाने बिगर-नागरिकांच्या बाळांना आपोआप नागरिकत्व द्यायला २०२० उजाडलं, आणि युक्रेन युद्धानंतर शाळा फक्त लॅटव्हियन भाषेत करायचं काम २०२३ पासून सुरू झालं. रशियाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण जी परीक्षा नवीन येणाऱ्याला देता ती जुन्या मेंबरांनी कधी दिलीच नाही हे पूर्व युरोपातल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि ते चूक नाही.

दक्षिण टायरॉलचं उदाहरण लोक कायम देतात, इटलीतला जर्मन भाषिक प्रांत. ते यशस्वी आहेच. १९७२ च्या स्वायत्ततेनंतर तिथे जर्मन, इटालियन आणि लादिन या तिन्ही भाषागटांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या, नोकरीला दोन भाषांची परीक्षा, शाळा वेगवेगळ्या, आणि प्रांतात गोळा होणाऱ्या करातला बहुतांश तिथेच राहतो. (बेळगाववाल्यांनी हे वाचून उसासा टाकला तर समजू शकतो.) पण हे ब्रसेल्सने केलेलं नाही. १९४६ चा इटली-ऑस्ट्रिया करार, मग संयुक्त राष्ट्रांत तक्रार आणि बाँबस्फोट, आणि १९९२ ला ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं जाहीर केलं. युनियनचा हातभार एवढाच की १९९८ ला दोन देशांच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीतली पासपोर्ट चौकी उठली. अल्पसंख्याकांच्या भाषा-संस्कृतीच्या संरक्षणासाठी युनियननेच कायदे करावेत म्हणून अकरा लाखांवर लोकांनी सह्या केल्या होत्या, मायनॉरिटी सेफपॅक म्हणून, २०२१ च्या जानेवारीत युरोपियन कमिशनने (युनियनचा कारभार चालवणारी संस्था) नवीन कायदा लागणार नाही म्हणून ते बाजूला ठेवलं.

रोमा लोकांचं सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. युनियनमधे सुमारे ६० लाख, मूळ आपल्याकडचं, आणि अवस्था सगळ्यात वाईट. चेकियात ऑस्ट्रावा शहरात रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळेत टाकायचे, कोर्टापुढे आलेल्या आकड्यांनुसार ही शक्यता इतर मुलांपेक्षा २७ पट जास्त होती. २००७ ला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टाने हा भेदभाव ठरवला. ब्रसेल्सकडे इथे एक खरं हत्यार होतं, २००० सालचा वंशभेदविरोधी निर्देश, त्याखाली कमिशनने चेकिया, स्लोवाकिया, हंगेरीवर कारवाई सुरू केली. आणि तो निर्देश पास कसा झाला तर एकमताने, काही महिन्यांत, कारण त्याच वर्षी ऑस्ट्रियात कडव्या उजव्या हायडरचा पक्ष सरकारात आला आणि युनियनमधले तेव्हाचे बाकी चौदा देश घाबरले. म्हणजे एकमत होत नाही असं नाही, फक्त त्यासाठी आधी पोटात गोळा यावा लागतो.

२०१५ ला उलट झालं. १,२०,००० निर्वासित वाटून घ्यायचा ठराव बहुमताने रेटला, हंगेरी, चेकिया, स्लोवाकिया, रोमानिया विरोधात. कायद्याने बरोबर होतं, युनियनच्या कोर्टानेही २०१७ ला तसंच सांगितलं, पण माणसं फारशी गेली नाहीत. एकूण १,६०,००० चं टार्गेट, त्यातले साधारण ३५,००० हलवले गेले. माझ्या मते ब्रसेल्सची गेल्या वीस वर्षांतली ही सगळ्यात महागात पडलेली चूक, कारण बहुमताने द्राक्षाचा नियम लादता येतो, शेजारी कोण राहणार हे नाही लादता येत. २०२४ च्या मायग्रेशन पॅक्टमधे म्हणूनच सोय ठेवली की माणसं घ्या, नाहीतर माणशी २०,००० युरो द्या, नाहीतर दुसरी काही मदत करा. आदर्शवाद्यांना ते आवडलं नाही, पण निदान चालेल असं काहीतरी आहे.

द्राक्षाचं नाव काढलंच आहे तर जगातल्या वजनाचं बोलू. नाशिकच्या बागायतदाराला युरोप किती ताकदवान आहे हे परराष्ट्र मंत्र्यापेक्षा चांगलं माहितीये. २०१० च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं, शेतकरी ज्याला लिहोसीन म्हणतात तेच, वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला मारायचे, आणि कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला तिकडचा सरसकट नियम किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम, म्हणजे शेजारच्या प्लॉटमधून फवारा उडून आला तरी रिपोर्टात दिसेल इतकं कमी. त्यानंतर लॅबच्या रेसिड्यू टेस्टची यादी लांबत गेली, प्लॉटची नोंदणी, फवारणीची डायरी सगळं कडक झालं. कोणी सैन्य पाठवलं नाही की कोणाशी करार करायला आला नाही, ४५ कोटी गिऱ्हाईकांचा बाजार आहे, यायचं तर आमच्या अटीवर या, बस. २०२४ अखेरपासून फोनला यूएसबी-सी सक्तीचं, अॅपलने २०२३ मधेच सगळ्या जगासाठी बदललं, ते यातलंच.

आणि आता कार्बन टॅक्स, सीबॅम, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना जेवढा कार्बन निघाला त्यावरची आकारणी. २०२३ च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशोब सुरू. यात स्टील, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं येतात हे सगळ्यांना माहिती असतं, नटबोल्ट पण येतात हे चाकणच्या छोट्या कारखानदाराला त्याच्या जर्मन गिऱ्हाइकाने एक्सेलचा टेम्प्लेट पाठवल्यावर कळतं. तुमच्या एका टन मालामागे किती कार्बन, वीज कुठली, वायर रॉड कुठल्या मिलचा, त्या मिलची भट्टी कुठली. मिल पहिल्यांदा तर उत्तरच देत नाही. माहिती नाही दिली तर डिफॉल्ट आकडा लागतो आणि तो मुद्दाम चढाच ठेवलेला असतो. आपल्या सरकारने कितीही निषेध केला तरी कारखानदार शेवटी टेम्प्लेट भरतोच.

हाच युरोप जिथे एकमत लागतं तिथे कसा दिसतो ते बघा. डिसेंबर २०२३, युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायची का यावर शिखर परिषद अडलेली, हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान नाही म्हणतायत. जर्मन चॅन्सेलर शोल्त्सनी त्यांना सुचवलं की तुम्ही जरा कॉफी घेऊन या, ते खोलीबाहेर गेले आणि बाकी २६ जणांनी ठराव मंजूर केला. बातम्यांत किस्सा म्हणून आला, पण आदल्याच दिवशी कमिशनने हंगेरीचे अडकवलेले साधारण १०.२ अब्ज युरो मोकळे केले होते हे कोणी फार बोललं नाही, युरोपियन संसदेने मात्र नंतर त्यावरून कमिशनला कोर्टात खेचलं. रशियाच्या गोठवलेल्या पैशाचंही तसंच, बहुतेक रक्कम बेल्जियममधल्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे, आणि दर सहा महिन्यांनी सगळ्यांच्या संमतीने मुदत वाढवायची. शेवटी डिसेंबर २०२५ ला आर्थिक आणीबाणीचं कलम १२२ काढून ते बहुमतावर नेलं. विषय तोच, कलम बदललं, व्हेटो गेला.

व्यापारात हा त्रास नाही. जुलै २०२५ ला स्कॉटलंडमधे ट्रम्पशी १५ टक्क्यांचा टॅरिफ सौदा कमिशनच्या अध्यक्षा फॉन डेर लायननी एकटीने केला, फ्रान्सने उघड नाराजी दाखवली, सौदा राहिला. चांगला होता असं नाही म्हणत, मला तरी तो पडखाऊ वाटला, कारण संरक्षणासाठी अमेरिकेवर टेकलेले असताना व्यापारातली एकी किती ताणणार. पण आवाज एकच होता.

पैशाचं राहिलं. युरोचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, जीडीपीच्या तुलनेत सरकारी तूट ३ टक्के, कर्ज ६० टक्के. तो ३ आकडा फार अभ्यासातून आलेला नाही, १९८१ मधे फ्रेंच बजेट खात्यात राष्ट्राध्यक्ष मित्तराँसाठी घाईत काढलेला आहे. २००३ ला जर्मनी आणि फ्रान्सनेच तो मोडला आणि इतर अर्थमंत्र्यांना हाताशी धरून कारवाई थांबवली. २०१६ ला कमिशनचे तेव्हाचे अध्यक्ष युंकरना विचारलं फ्रान्सला सवलत का, तर म्हणाले कारण तो फ्रान्स आहे. त्याच काळात कर्जात बुडालेल्या ग्रीसला मात्र नियम म्हणजे नियम. तिथला लोकांचा राग आळशी माणसाचा राग नव्हता. जुलै २०१५ ला एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळायचे, लोकांनी सार्वमतात मदतीच्या अटी ६१ टक्क्यांनी नाकारल्या आणि आठवडाभरात रात्रभर चाललेल्या बैठकीत त्याहून कडक अटी मान्य कराव्या लागल्या. पेन्शनर रांगेत उभे, आणि पहिल्या मदतीतला बराचसा पैसा जुन्या कर्जाच्या हप्त्यांत, म्हणजे फ्रेंच-जर्मन बँकांकडे परत.

तरी युरो टिकला तो बजेटच्या नियमांमुळे नाही, युरोपियन सेंट्रल बँकेमुळे. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष द्रागींनी २६ जुलै २०१२ ला युरो वाचवायला लागेल ते करू म्हटलं आणि जाहीर केलेली बाँड खरेदीची योजना एकदाही वापरावी न लागता इटली-स्पेनचे व्याजदर खाली आले. सेंट्रल बँकेत देशांचा व्हेटो नाही, परत तेच. बँकिंग युनियनमधे बँकांवरची देखरेख २०१४ ला एकत्र झाली, पण ठेवीदारांचा समाईक विमा २०१५ पासून अडकून आहे, कारण जर्मन ठेवीदाराच्या पैशाने इटालियन बँक का वाचवायची.

कोविडमधे जुलै २०२० ला चार दिवस चार रात्री भांडून ७५० अब्ज युरोचं समाईक कर्ज काढलं, त्यातले ३९० अब्ज अनुदान. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क यांना अजिबात नको होतं. आणि त्याच सौद्यात एक अट घुसली जी मला या सगळ्या काळातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कायद्याचं राज्य नसेल तर युनियनचा पैसा रोखता येईल आणि तो बहुमताने. त्याआधी कलम ७ होतं, पण त्यात शिक्षेला बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, त्यामुळे पोलंड हंगेरीला आणि हंगेरी पोलंडला सांभाळून घ्यायचे. नवीन नियमाखाली डिसेंबर २०२२ ला हंगेरीचे ६.३ अब्ज युरो गोठवले. त्याशिवाय आश्रय कायदा पाळत नाही म्हणून २०२४ ला कोर्टाने २० कोटी युरो दंड आणि वर रोज १० लाख. मूल्यांवर एकमत होत नाही म्हणून मूल्यं बजेटच्या मागच्या दाराने आणली, असं हे सगळं आहे. यात धोका असा की पैसा सोडणं-रोखणं हे सौदेबाजीचं साधन होतं, ते डिसेंबर २०२३ ला दिसलंच, आणि ज्याला अनुदानाची गरज नाही अशा श्रीमंत देशाला या काठीचा धाकच नाही. फ्रान्स किंवा डेन्मार्कने परदेशी लोकांशी कसंही वागलं तरी कोण काय रोखणार.

पुढे काय बघायचं असं तुम्ही विचारलंय तर २०२८ ते ३४ च्या बजेटची भांडणं बघा. कमिशनने जुलै २०२५ ला जवळजवळ दोन लाख कोटी युरोचा प्रस्ताव मांडलाय, त्यात शेती आणि मागास भागांचा पैसा प्रत्येक देशाच्या एकाच आराखड्यात घालून त्याला कायद्याच्या राज्याची अट लावायची आहे. आणि या बजेटला एकमत लागतं, म्हणजे ज्यांच्यावर अट घालायची त्यांचीही सही हवी. शिवाय कोविडच्या कर्जाची परतफेड २०२८ ला सुरू होऊन २०५८ पर्यंत चालणार, ती भागवायला युनियनचं स्वतःचं उत्पन्न पाहिजे, आणि त्यासाठी जी नावं पुढे केलीयत त्यात सीबॅमच्या वसुलीतला मोठा हिस्सा आहे, तेव्हा चाकणवाल्यांनी तो टेम्प्लेट लवकर रद्द होईल या आशेवर राहू नये.